बेल्जियन वळणाची अमेरिकी बिअर : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअऱ्यांमध्ये होणाऱ्या बेल्जियन पद्धतीच्या बिअरविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतले पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : बोस्टनला मुलाकडे गेलो असताना अलगॅश व्हाइट नावाची फिकट, किंचित गढूळ बिअर प्यायलो. तिला संत्र्याचा आणि लवंगेचा वास स्पष्ट येत होता. मुलाचे म्हणणे असे की तिच्यात मसाले घालतात. त्याचा मित्र म्हणतो की ही सगळी यीस्टची करामत आहे. खरे कोणाचे?

उत्तर : संत्र्यापुरते आपल्या चिरंजीवांचे आणि लवंगेपुरते त्यांच्या मित्राचे. ही बेल्जियन पद्धतीची विटबिअर, म्हणजे गव्हाची बिअर. बार्लीच्या माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर, तिच्यात मोड न आणलेला कच्चा गहू मोठ्या प्रमाणात असतो, आणि धणे व कुरासाव जातीच्या कडसर संत्र्याची वाळवलेली सालही घालतात. लवंग मात्र कोणीही टाकत नाही. गहू आणि बार्लीच्या कोंड्यात फेरुलिक नावाचे आम्ल असते. बेल्जियन जातीचे यीस्ट साखरेची दारू करता करता त्या आम्लाचे 4-व्हिनाइल ग्वायाकॉल या द्रव्यात रूपांतर करते, आणि लवंगेला तिचा वास देणाऱ्या युजेनॉलशी या द्रव्याचे जवळचे नाते असल्यामुळे आपल्या नाकाला दोन्ही एकच भासतात. अमेरिकी एल बिअरसाठी सर्रास वापरले जाणारे यीस्ट हे रूपांतर करत नाही. ते साखर खाऊन गुपचूप तळाशी बसते आणि हॉप्सना, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांना, बोलू देते. बेल्जियन बिअरमध्ये बोलते ते यीस्ट. बाकीची सामग्री साथीला असते.

या बिअरचा अमेरिकेपर्यंतचा प्रवासही सांगण्याजोगा आहे. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात विटबिअर पूर्ण बंद पडली होती. एकेकाळी दूध घालणाऱ्या पिएर सेलिस यांनी 1960च्या दशकाच्या मध्यावर ती पुन्हा सुरू केली. 1985 साली त्यांच्या ब्रुअरीला आग लागली, उभारणीसाठी बाहेरचे भांडवल घ्यावे लागले, आणि हळूहळू कारभार मोठ्या कंपनीच्या हाती गेला. तेव्हा सेलिस थेट टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेले आणि 1992 साली तेथे त्यांनी नव्याने ब्रुअरी काढली. पुढे ती मिलर कंपनीने घेतली आणि 2000च्या अखेरीस बंद केली. तोपर्यंत बी रुजले होते. 1995 साली रॉब टॉड यांनी मेन राज्यातल्या पोर्टलँड येथे अलगॅश ब्रुअरी सुरू केली ती याच बिअरने, आणि त्याच वर्षी कूर्स या बलाढ्य कंपनीने, ब्रसेल्सला जाऊन मद्यशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या कीथ व्हिला यांच्याकरवी ब्लू मून बाजारात आणली. पेल्याच्या काठावर संत्र्याची फोड लावण्याची टूम ब्लू मूनची. फोडीला माझा तात्त्विक विरोध नाही. पण ताज्या रसाच्या वासापुढे यीस्टचा वास टिकत नाही, त्यामुळे चांगल्या विटबिअरचा पहिला घोट तरी फोडीवाचून घ्यावा.

प्रश्न : मी ओहायोमध्ये राहतो आणि हौसेने घरी बिअर बनवतो. माझी ड्युबेल, म्हणजे मठांच्या परंपरेतली गडद बिअर, प्रत्येक वेळी गोड आणि जड होते. सेझाँ, म्हणजे बेल्जियमच्या शेतवाड्यांवरची कोरडी बिअर, तर पहिल्या आठवड्यात जोरात आंबते आणि मग मध्येच थांबून राहते. चुकते कोठे?

उत्तर : आपल्या दोन्ही अडचणी अमेरिकेतल्या धंदेवाईक ब्रुअऱ्यांनीही भोगलेल्या आहेत. ड्युबेलचा तांबूस-तपकिरी रंग पाहून बहुतेक जण कॅरॅमल माल्टकडे धाव घेतात. त्या माल्टमधली बरीचशी साखर यीस्टला पचत नाही, ती पेल्यात उरते आणि बिअर पाकासारखी लागते. बेल्जियमच्या मठांमधली रीत वेगळी आहे. तेथे माल्टचा आराखडा अगदी साधा असतो आणि रंग व मनुकांसारखा स्वाद येतो तो गडद भाजलेल्या कँडी सिरपमधून, म्हणजे साखरेच्या दाट पाकातून. साखर घातल्याने बिअर गोड होईल असे वाटते, पण ही साखर यीस्ट पूर्ण फस्त करते. दारूचे प्रमाण वाढते, अंग हलके होते आणि साडेसात टक्क्यांची बिअरही सहज पिता येते. ट्रिपेल या फिकट, कडक बिअरमध्ये तर किण्वनयोग्य साखरेपैकी पाचवा हिस्सा साध्या पांढऱ्या साखरेचा असला तरी बिघडत नाही. कॅरॅमल माल्ट वगळून एकदा करून पाहावे.

सेझाँचे दुखणे यीस्टच्या स्वभावात आहे. आपण वापरता ती जात बहुधा द्यूपाँ ब्रुअरीकडून आलेली असावी, कारण घनता (पाण्याची 1.000) 1.035च्या आसपास उतरली की संपावर जाणे ही तिची ख्याती आहे. तिला ऊब हवी असते. नेहमीची एल 18 ते 20 अंश सेल्सियसला आंबवतात. या यीस्टला 30 अंश आणि त्याहूनही थोडे जास्त तापमान मानवते. भांड्याला गरम पट्टा गुंडाळावा, तापमान चढवावे आणि थांबावे. दोन-तीन आठवड्यांनी काटा पुन्हा हलतो आणि 1.005च्या आसपास उतरतो. घाईने बाटल्या भरणे मात्र धोक्याचे आहे. सेझाँच्या अनेक यीस्टमध्ये, इतर जातींना न पचणाऱ्या लांब साखळीच्या शर्करा तोडणारे विकर असते, त्यामुळे किण्वन संपल्यासारखे दिसले तरी बाटलीत ते संथपणे चालू राहते आणि काच फुटते. काही दिवसांच्या अंतराने घेतलेली मापे तंतोतंत सारखी आल्यावरच बाटलीला हात लावावा, आणि बाटल्याही जाड काचेच्याच घ्याव्यात.

धण्यांच्या प्रमाणाविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो. सुरुवातीच्या अमेरिकी बेल्जियन बिअरमध्ये मसाल्यांचा मारा असे. पेल्यात धणे ओळखू आले तर ते जास्त झाले असे समजावे.

प्रश्न : एका बाटलीवर ‘उत्स्फूर्त किण्वन’ असे छापलेले होते आणि तिची किंमत साध्या बिअरच्या कितीतरी पट होती. दुकानदार म्हणाला, ही लॅम्बिकच आहे, फक्त तसे लिहीत नाहीत. हे काय प्रकरण आहे? आणि सगळ्याच आंबट बिअर अशा बनतात का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. आंबट बिअर तयार करण्याचे तीन मार्ग अमेरिकेत प्रचलित आहेत आणि त्यांचा खर्च एकमेकांपासून फार दूर आहे. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे वॉर्ट, अर्थात माल्टचा गोड काढा, कढईतच लॅक्टोबॅसिलस जिवाणू सोडून एक-दोन दिवसांत आंबवून घ्यायचा, मग उकळून जिवाणू मारायचे आणि पुढे नेहमीची बिअर करायची. आंबटपणा येतो, पण तो एकसुरी असतो.

दुसरा मार्ग मिश्र किण्वनाचा. त्यात नेहमीच्या यीस्टबरोबर ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जिवाणू जाणूनबुजून घालतात आणि बिअर महिनोन्‌महिने लाकडात ठेवतात. कोलोरॅडोमधल्या न्यू बेल्जियम ब्रुअरीने 1996 साली रोडेनबाख या जुन्या बेल्जियन ब्रुअरीतले पीटर बुकार्ट यांना आणले आणि त्यांनी ओकच्या प्रचंड पिंपांत मुरवलेली ला फोली ही आंबट तपकिरी बिअर तयार केली. कॅलिफोर्नियात रशियन रिव्हर ब्रुअरीचे विनी सिलुर्झो यांनी शेजारच्या वाइन उद्योगाचा फायदा उठवला : त्यांची सप्लिकेशन ही बिअर पिनो न्वार वाइनच्या रिकाम्या पिंपांत, आंबट चेरींसह मुरते. वाइनच्या पिंपांचा असा वापर हे मला अमेरिकेचे खरे स्वतःचे योगदान वाटते.

तिसरा मार्ग आपल्या बाटलीचा. ब्रसेल्स आणि झेन नदीच्या खोऱ्यात लॅम्बिक शतकानुशतके याच रीतीने बनते आणि तिच्यात यीस्ट कोणीच घालत नाही. उकळता वॉर्ट संध्याकाळी कूलशिप नावाच्या उथळ, रुंद पात्रात ओततात, खिडक्या उघड्या ठेवतात, आणि रात्रभरात तो थंड होत असताना हवेतले यीस्ट व जिवाणू त्यात उतरतात. म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच करतात; उन्हाळ्यात रात्र पुरेशी गार होत नाही आणि हवेत नको ते जंतूही फार असतात. हॉप्स मुद्दाम जुने, वर्षानुवर्षे ठेवलेले घेतात, कारण त्यांचा कडूपणा उतरलेला असला तरी जिवाणूंना आवर घालण्याची ताकद शिल्लक असते. सकाळी वॉर्ट पिंपात जातो आणि तेथे एकामागून एक पाळ्या लागतात : सुरुवातीचे काही आठवडे आतड्यातल्या जिवाणूंच्या भाऊबंदांचे, मग काही महिने नेहमीच्या यीस्टचे, मग आम्ल तयार करणाऱ्या पीडिओकॉकसचे. या तिसऱ्या पाळीत बिअर कधीकधी तारेसारखी चिकट होते. नवखा माणूस ती ओतून देईल. जाणकार पिंपाला हात लावत नाही, कारण ब्रेटॅनोमायसिस पुढच्या काही महिन्यांत तो चिकटपणा खाऊन टाकते. एक, दोन आणि तीन वर्षांच्या पिंपांचे मिश्रण करून बाटलीत पुन्हा फसफसवले की ग्यूझ तयार होते. काही पिंपे बिघडतात आणि ती फेकावीच लागतात. किमतीचा उलगडा यातून व्हावा.

अलगॅशने 2007 साली आपल्या आवारात कूलशिप बसवले आणि मेनच्या हवेत हा प्रयोग केला. असे होणे शक्यच नाही, ते जंतू फक्त झेनच्या खोऱ्यात आहेत, असे तोवर अनेक जण ठामपणे सांगत. बिअर मात्र झाली, आणि उत्तम झाली. तरी अलगॅशने तिला लॅम्बिक म्हटले नाही, कूलशिप एवढेच म्हटले. युरोपात 1997पासून या बिअरला कायद्याचे संरक्षण आहे. ते प्रदेशाला नसून पद्धतीला आहे आणि अमेरिकेत ते लागूही होत नाही, म्हणजे हा संयम कायद्याच्या धाकाने आलेला नव्हता. ऑस्टिनजवळच्या जेस्टर किंग ब्रुअरीने 2016 साली तीन वर्षांच्या पिंपांच्या मिश्रणावर ‘मेथोड ग्यूझ’ (ग्यूझची पद्धत) असे छापले, तेव्हा बेल्जियन लॅम्बिक उत्पादकांच्या होरल या संघटनेने आक्षेप घेतला. कोर्टकचेरी झाली नाही. उभय पक्ष बोलले आणि ‘मेथोड त्रादिस्योनेल’ (पारंपरिक पद्धत) या शब्दांवर तोडगा निघाला. दुकानदाराचे म्हणणे पद्धतीपुरते खरे आहे, पण मला विचाराल तर नाव सोडून देणाऱ्यांनी योग्यच केले. मेनची हवा मेनचीच बिअर देणार.

प्रश्न : अमेरिकेत ट्रॅपिस्ट बिअर, म्हणजे ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मठांत बनणारी बिअर, मिळते का?

उत्तर : आयात केलेली मिळते. अमेरिकेत बनणारी एक होती. मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सर येथील सेंट जोसेफ्स ॲबे या मठाने 2014च्या आरंभी आपली पहिली बिअर बाजारात आणली आणि युरोपबाहेरची पहिली ट्रॅपिस्ट ब्रुअरी होण्याचा मान मिळवला. बिअर मठाच्या आवारात, संन्याशांनी स्वतः किंवा त्यांच्या देखरेखीखाली बनवलेली असावी आणि उत्पन्न मठाचा चरितार्थ व दानधर्म यांसाठीच वापरावे, अशा ट्रॅपिस्ट मोहोरेच्या अटी आहेत. 2022 साली मठाने हा व्यवसाय परवडत नसल्याचे जाहीर करून ब्रुअरी बंद केली. बाटलीवर नुसते ‘ॲबे’ लिहिलेले असेल तर त्यामागे मठ असेलच असे नाही; बहुतेक वेळा नसतो.

प्रश्न : ओमेगँग आणि न्यू बेल्जियम या आता परदेशी कंपन्यांच्या मालकीच्या आहेत असे वाचले. मग त्यांना क्राफ्ट ब्रुअरी म्हणायचे की नाही? आणि बाटलीच्या तळाचा गाळ प्यावा का?

उत्तर : ब्रुअर्स असोसिएशन या अमेरिकी संघटनेची व्याख्या घेतली तर म्हणता येणार नाही. वर्षाला 60 लाख बॅरलपर्यंत उत्पादन, आणि क्राफ्ट नसलेल्या मद्यकंपनीची मालकी 25 टक्क्यांहून कमी, अशा त्या व्याख्येच्या मुख्य अटी आहेत. न्यू बेल्जियम 2019 साली जपानच्या किरिन समूहाने घेतली, तेव्हा ती या व्याख्येबाहेर गेली. ओमेगँगची गोष्ट थोडी निराळी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनजवळ, एकेकाळी हॉप्स पिकत असलेल्या 136 एकर शेतावर, बेल्जियन बिअर आयात करणाऱ्या एका दांपत्याने ती 1997 साली उभारली आणि 2003 साली ती ड्यूव्हेल मोर्टगाट या बेल्जियन कंपनीकडे गेली. बेल्जियन बिअर बनवणारी ब्रुअरी बेल्जियन घराण्याकडे जाणे याला परकी सत्ता म्हणणे मला जड जाते. हेनेपिन ही तिची सेझाँ प्यावी आणि मालकीची चिंता भागधारकांवर सोडावी. न्यू बेल्जियमबाबत एक खुलासा : तिची सर्वाधिक गाजलेली फॅट टायर ही संस्थापकाच्या बेल्जियममधल्या सायकल प्रवासाच्या आठवणीतून आली असली तरी तिच्यात बेल्जियन यीस्टचा स्वाद शोधू नये, सापडणार नाही.

गाळ म्हणजे बाटलीत पुन्हा किण्वन होण्यासाठी ठेवलेले यीस्ट. ते अपायकारक नाही, फार तर पोट थोडे ढवळते. विटबिअरमध्ये ते हवेच असते, म्हणून शेवटचा घोटभर भाग बाटलीत हलकेच फिरवून पेल्यात ओततात. ट्रिपेल, सेझाँ आणि ग्यूझ यांची बाटली मात्र आदल्या दिवसापासून उभी ठेवावी, एकाच संथ धारेत ओतावी आणि तळाचा बोटभर थर बाटलीतच राहू द्यावा. ग्यूझची बाटली उघडताना बूच हाताखाली दाबून धरावे, ते सुटते फार जोरात.