नवीन सायकलचा डिस्क ब्रेक घासतो. दुकानदार म्हणतो चालवून आपोआप सेट होईल. खरं आहे का?

नाही. चालवून रुळतात ते पॅड. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दाबणारे पॅड ज्यात बसतात तो भाग, जिथे आवळलाय तिथेच राहतो, आणि चालवताना तो सरकत असेल तर त्याचे बोल्ट ढिले आहेत, म्हणजे प्रकरण आणखी वाईट.

तुम्ही लिहिलंय की ब्रेक केबलचा आहे, पुढचं चाक सतत खस्सखस्स करतं, आणि लिव्हर जवळजवळ मुठीला टेकतो तरी सायकल हवी तशी थांबत नाही. मी एरवी इथे फारसं लिहीत नाही. पण दुकानदाराचं ते वाक्य वाचलं आणि राहवेना. इंदूरला मी तेच हिंदीत ऐकलंय, "भिया, चलने दो, अपने आप सेट हो जाएगा," आणि त्यावरून माझं आणि माझ्या भाऊजींचं जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

भाच्याला दहावीनंतर गिअरची सायकल घेतली. अशा सायकली कारखान्यातून अर्धवट जोडून खोक्यात येतात. हँडल, पुढचं चाक, पेडल वगैरे दुकानात बसवतात आणि ब्रेकही तिथेच सेट व्हायला हवा. तो कुणी केला नव्हता. पुढचं चाक घासत होतं, अगदी तुमच्यासारखंच. मी ताईला म्हटलं, शनिवारी संध्याकाळी येतो आणि बघतो. भाऊजींना तेवढा धीर नव्हता. ते शनिवारी सकाळीच सायकल घेऊन कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले आणि दोन मिनिटांत आवाज बंद करून आणला. संध्याकाळी मी गेलो तर दारातच म्हणाले, "बघ, काम झालं. तू उगाच पाने काढून तासभर बसला असतास."

मी खाली बसून डिस्क बघितली. पावसात रस्त्यावर डिझेल सांडलं की जसे रंग दिसतात तसे रंग तिच्यावर दिसत होते. पांढरा टिश्यू फिरवला तर तपकिरी, चिकट झाला. मिस्त्रीने डिस्कवर तेल सोडलं होतं! आवाज येतो म्हणून ब्रेकला तेल. आणि रविवारी पहाटे पोरगा मित्रांबरोबर महूच्या पुढे जानापावच्या डोंगरावर जाणार होता. ज्यांनी तो चढ बघितलाय त्यांना उतार कसा असेल ते सांगायला नको.

भाऊजी म्हणाले, "मिस्त्री रोज पन्नास सायकली बघतो, त्याच्यापेक्षा तुला जास्त कळतं का?" मी पीथमपूरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. माझा दिवस मापं घेण्यात आणि माल नापास करण्यात जातो. पण मी ते काही बोललो नाही. म्हटलं, "भाऊजी, तुम्ही स्वतः पुढचा ब्रेक दाबा, पूर्ण मुठीपर्यंत, आणि सायकल पुढे ढकला." त्यांनी दाबला, ढकलली. चाक फिरलं. ब्रेक पूर्ण दाबलेला आणि चाक लोण्यासारखं फिरतंय, गल्लीतले दोघे-तिघे उभे राहून बघतायत. ताईने त्याच क्षणी पोराचं जानापाव रद्द केलं.

भाऊजींनी मग विषय बदलला. "आमच्या वेळी रॉड ब्रेक होते, काही सेट करावं लागत नव्हतं. हे डिस्कबिस्क नुसते चोचले." हे मला अजिबात मान्य नाही. रॉड ब्रेकलाही आवळावंच लागायचं, फक्त ते काम आजोबा गुपचूप करायचे. रॉड ब्रेकचं रबर रिमला घासतं. पावसात रिम ओली झाली की ब्रेक लागायला वेळ लागतो, आणि चाकाला जरा आउट आलं की रबर एका ठिकाणी लागतं, दुसरीकडे सुटतं. डिस्क रस्त्यावरच्या पाण्या-चिखलापासून वर, चाकाच्या मध्यावर असते. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे जसे रस्ते असतात त्यात हा फरक जिवाचा आहे. डिस्क ब्रेक उत्तमच आहे. फक्त तो जोडणाऱ्याने जोडायला हवा.

आता तुमच्या आवाजाबद्दल. आधी ऐका. सतत एकसारखा घासत असेल तर कॅलिपर वाकडा बसलाय. प्रत्येक फेरीला एकदाच 'खस्स' होत असेल तर डिस्क वाकलीय, तिथे कॅलिपर कितीही हलवा, उपयोग नाही. तुमचा सतत आहे, म्हणजे कॅलिपर, नाहीतर तिरकं बसलेलं चाक.

सायकल उलटी करू नका. जमिनीवर उभी ठेवा, क्विक रिलीज, म्हणजे चाक आवळणारा खटका, सोडा, हँडलवर जोर देऊन ॲक्सल खाचेत पूर्ण बसू द्या आणि मग आवळा. निम्म्या वेळा दोष इथेच असतो, चाकच तिरकं बसलेलं असतं. डिस्कचे सहा बोल्ट घट्ट आहेत ना बघा, समोरासमोरचे आलटून पालटून आवळा. मग कॅलिपरमध्ये पाठीमागून टॉर्च मारून पुढून बघा. बहुतेक स्वस्त केबल ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो, बाहेरचा. आतला, आऱ्यांकडचा, स्थिर असतो. बाहेरचा पॅड डिस्कला किंचित वाकवून आतल्या पॅडवर दाबतो. ही गोष्ट न समजल्यामुळेच लोक तासन्‌तास कॅलिपर हलवत बसतात.

कॅलिपरचे दोन बोल्ट एवढेच ढिले करा की तो डावी-उजवीकडे सरकेल. आतला पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये एक कोरं व्हिजिटिंग कार्ड सरकवा. कुणाला तरी लिव्हर जोरात दाबून धरायला सांगा, आणि दोन्ही बोल्ट थोडे थोडे, एकदा हा एकदा तो, आवळा. एकच बोल्ट सरळ पूर्ण आवळलात तर कॅलिपर फिरतो आणि सगळं पुन्हा. लिव्हर सोडा, कार्ड काढा, चाक फिरवा. आतल्या बाजूला कार्डाएवढी फट राहील. ती जास्त वाटली तर आतल्या पॅडचा स्क्रू आऱ्यांमधून एलन-की घालून जरासा आत घ्या, घासायला लागला की पाव फेरी मागे.

मग केबल. केबल ज्याला बांधतात तो कॅलिपरचा हात पूर्ण मागे, आरामाच्या जागी असतानाच केबल आवळायची. आवाज बंद झाल्यावरही लिव्हर मुठीपर्यंत येत असेल तर लोक बॅरल, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करायचा गोल स्क्रू, फिरवून फिरवून केबल ताणतात. त्याने हात आधीच पुढे ओढला जातो आणि खरा जोर हवा तेव्हा त्याला जागाच उरत नाही. पुढेही पॅड झिजतील तेव्हा आतला पॅड स्क्रूने पुढे घ्या, बॅरल फक्त शेवटच्या बारीक फरकासाठी. नव्या केबलची आवरणं पहिल्या काही आठवड्यांत बसतात, लिव्हर थोडा सैल होतो. तेवढं बॅरलने घ्यायला हरकत नाही.

पॅड रुळवायचे कसे, हेही दुकानदार सांगत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर साधारण वीसच्या वेगात या, ब्रेक एकसारखा दाबून चालण्याच्या वेगापर्यंत आणा, सोडा, पुन्हा वेग घ्या. पुढचा वेगळा, मागचा वेगळा, पंधरा-वीस वेळा. चाक लॉक करू नका आणि पूर्ण थांबू नका, कारण पॅडचा थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसायला हवा. संपल्यावर डिस्कला हात लावू नका, चटका बसतो. थंड असतानाही लावू नका, बोटाचं तेल लागतं. दसऱ्याला सायकलची पूजा कराल तेव्हा हळदकुंकू हँडलला लावा, डिस्कला बोटही नको. चेनला स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर कापड टाका.

भाच्याच्या सायकलचं काय केलं? डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, टिश्यू पांढरा निघेपर्यंत. पॅड सरळ फेकले. रेझिनचा पॅड तेल पितो, वरून पुसून ते बाहेर येत नाही. पॅड गॅसवर भाजून वापरणारे महाभाग आहेत, मला ते पटत नाही. नवा जोड जिवापेक्षा महाग नाही. भाऊजी म्हणतात मी पैसे वाया घालवले. म्हणू देत. पोरगा पुढच्या रविवारी जानापावला जाऊन आला, आणि ब्रेक आता तोच सेट करतो, बापाला हात लावू देत नाही.

काही गोष्टी राहिल्या. नुसती बोटं लागली असतील तर पॅड फेकायची गरज नाही, बारीक पॉलिश पेपरवर घासून बघा. पावसात पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक किंचाळतो, तो दोष नव्हे. डिस्कवर किमान जाडी बहुधा कोरलेली असते, बऱ्याचदा १.५ मिलिमीटर, त्याखाली गेली की बदलायची. तुमच्या ब्रेकचे दोन्ही पॅड हलत असतील तर कार्डाची गरज नाही, कॅलिपर ढिला करून, लिव्हर दाबून आवळलं की पुरे. आणि तेलाचा, म्हणजे हायड्रॉलिक असेल तर केबलबद्दलचं वरचं सगळं विसरा. त्यात चाक काढलेलं असताना लिव्हर चुकूनही दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जायलाच तयार होत नाही.

वाकलेल्या डिस्कचं मी मुद्दाम लिहिलं नाही, ते हाताला सवय असलेल्याचं काम आहे. तुम्हाला सायकल दुकानातच न्यायची असेल तर न्या, नवीन आहे, पहिली सर्व्हिसिंग मोफत असेल. पण ठेवून घरी येऊ नका, शेजारी उभे राहा. आणि त्याने तेलाच्या कुपीला हात घातला की सायकल उचला आणि निघा.