वॉर थंडर गेममध्ये झिरो (ए६एम२) या दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लढाऊ विमानाच्या तोफा लगेच रिकाम्या का होतात? आणि डाइव्ह मारताना विमान वळत का नाही?

दोन्ही गोष्टी खऱ्या विमानातल्याच आहेत, गेमची चूक नाही. पंखांतल्या दोन २० मिमी तोफांना प्रत्येकी ६०च गोळे. ट्रिगर दाबून धरला तर सात-आठ सेकंदांत खेळ खलास. म्हणून तोफा आणि नाकावरच्या ७.७ मिमी मशीनगन यांना वेगळी बटणं द्या. आधी मशीनगनने नेम जुळवा, मग अगदी जवळून तोफ. वळण्याचं म्हणाल, तर १९४२मध्ये अमेरिकनांनी अकुतान बेटावर सापडलेलं झिरो उडवून पाहिलं, तेव्हा साधारण ३७० किमी वेगानंतर एलरॉन (विमान कुशीवर कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) जड होतात हे दिसलं. त्यामुळे डाइव्हच्या नादी लागूच नका. गोळ्यांचं रडगाणं मात्र पुढच्या ए६एम३मध्ये कमी होतं, तिथे तोफेमागे १०० मिळतात.