खोलीत ‘नाही’ म्हणणारं कोण आहे?

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. “मोर्चे खूप झाले काकू, आता काहीतरी मोठं करायची वेळ आलीय.” मोठं म्हणजे काय ते तू लिहिलं नाहीस. फोनवर लिहिलं नाहीस हे बरं केलंस. मीही तुमच्या गटाचं किंवा त्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. तुझी आई अधूनमधून मला फोन करून तुझी चौकशी करते, पण हे पत्र तिच्या सांगण्यावरून लिहिलेलं नाही आणि तिला दाखवायचंही नाही. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनमध्ये राहून युद्धाविरुद्ध काही करू पाहणाऱ्याने या गावात आधी काय घडलं ते नीट जाणून घ्यावं, एवढाच माझा हट्ट. माझी सगळी नोकरी जुन्या कागदांत गेली, तेव्हा हा हट्ट सुटणं कठीण आहे.

तुम्ही कंपनीच्या मुलाखतींच्या दिवशी दारात बसणार होतात ना? त्याची सुरुवात इथलीच. १८ ऑक्टोबर १९६७ला विद्यापीठाच्या बॅस्कम टेकडीवरच्या कॉमर्स बिल्डिंगमध्ये, म्हणजे आजच्या इंग्राहम हॉलमध्ये, डाऊ केमिकल कंपनीचे लोक नोकरभरतीसाठी आले होते. डाऊ तेव्हा व्हिएतनाममध्ये वापरला जाणारा नापाम, म्हणजे अंगाला चिकटून जळणारं रसायन, बनवत होती. मुलं आत कॉरिडॉरमध्ये ठिय्या देऊन बसली. विद्यापीठाने शहराचे पोलीस बोलावले, लाठ्या चालल्या, डोकी फुटली, मग बाहेरच्या गर्दीवर अश्रुधूर सोडला. त्या गर्दीतले पुष्कळजण नुसते बघे होते. वर्गातून वर्गात जाताना थांबलेले. संध्याकाळपर्यंत ते बघे राहिले नव्हते. विशेष म्हणजे तेव्हाचे चान्सलर विल्यम सुएल स्वतः या युद्धाच्या विरोधात होते. समाजशास्त्राचा एवढा मोठा अभ्यासक, पण त्याच्या कारकिर्दीत हे झालं आणि पुढच्याच वर्षी त्याने पद सोडलं. चांगल्या मताचा माणूस खुर्चीत बसला म्हणजे खुर्ची बदलते असं नाही, हे तुला मी सांगायला नको. तुझा राग तिथूनच आलाय.

त्या दिवशी लाठ्या खाल्लेल्यांपैकी एक पॉल सॉग्लिन. पुढच्या वर्षी तो नगर परिषदेवर निवडून आला आणि १९७३मध्ये महापौर झाला. तुझ्या गटातल्या मुलांना तो विकला गेला असं वाटेल, वाटू दे. दुसरीकडे टीचिंग असिस्टंटांनी आपली युनियन बांधली, १९७०च्या वसंतात संप केला आणि करार पदरात पाडून घेतला. तुला महिन्याला जो पगार मिळतो त्याच्या इतिहासात तो संप आहे. हे सगळं त्याच दोन-तीन वर्षांत, त्याच इमारतींमध्ये चाललं होतं. पण लोकांच्या लक्षात राहिली ती चार मुलं.

कार्ल आणि ड्वाइट आर्मस्ट्राँग हे भाऊ मॅडिसनमध्येच वाढलेले. ३१ डिसेंबर १९६९च्या रात्री त्यांनी जवळच्या विमानतळावरून एक छोटं सेसना विमान पळवलं आणि बॅराबूजवळच्या बॅजर दारूगोळा कारखान्यावर घरगुती स्फोटकांच्या बरण्या टाकल्या. एकही फुटली नाही. लोकांनी हसून, थोड्या कौतुकाने त्यांना ‘न्यू इयर्स गँग’ म्हणायला सुरुवात केली. त्याच सुमाराला कार्लने जिमखान्याच्या जुन्या लाल इमारतीला आग लावली, कारण तिथे विद्यार्थ्यांचं लष्करी प्रशिक्षण चालायचं. मग तो सक्तीच्या सैन्यभरतीचं कार्यालय जाळायला निघाला आणि बॉम्ब टाकला माकडांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेवर. इमारतच चुकली.

इथे जरा थांब. बाकीचे लोक हा किस्सा हसण्यावारी नेतात. मला तो सगळ्यात भीतिदायक वाटतो. पत्ता चुकला, म्हणजे पत्ता तपासणारं कोणी नव्हतं. आणि चुकल्यानंतरही “बाबा रे, आता थांबू या” असं ज्याचं कार्लने ऐकलं असतं असं एकही माणूस त्याच्या जवळ उरलेलं नव्हतं. चळवळीत हजारो लोक होते, पण त्याने काय ठरवलंय हे त्या हजारांना माहीतच नव्हतं, मग ते त्याला नाही कसं म्हणणार?

त्यांचं पुढचं लक्ष्य मात्र हवेतून काढलेलं नव्हतं, हेही मला तुला सांगायचंय. स्टर्लिंग हॉलमध्ये वरच्या मजल्यांवर लष्कराच्या पैशावर चालणारं आर्मी मॅथेमॅटिक्स रिसर्च सेंटर होतं. १९५६पासूनचं. तिथल्या गणिताचा युद्धाशी संबंध काय, हा प्रश्न मुलं रास्तपणे विचारत होती आणि विद्यापीठ उडवाउडवीची उत्तरं देत होतं. त्यात १९७०च्या एप्रिलच्या शेवटी राष्ट्राध्यक्ष निक्सनने कंबोडियात सैन्य घातलं, ४ मेला केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने चार विद्यार्थी मारले, दहा-अकरा दिवसांत जॅक्सन स्टेटमध्ये पोलिसांनी आणखी दोन. देशभर शेकडो कॉलेजं बंद पडली आणि युद्ध चालूच राहिलं. “मोर्चे खूप झाले” हे वाक्य तेव्हा मॅडिसनच्या प्रत्येक खोलीत बोललं गेलं असणार.

२४ ऑगस्ट १९७०, पहाटेचे तीन बेचाळीस. दोघा आर्मस्ट्राँग भावांनी, डेव्हिड फाइन आणि लिओ बर्ट यांच्या साथीने, एका प्राध्यापकाची चोरलेली व्हॅन स्फोटकं भरून स्टर्लिंग हॉलला लावली. फाइन जेमतेम अठरा वर्षांचा. त्यांनी पोलिसांना फोन करून इशारा दिला, पण हातात काही मिनिटंच होती. इमारतीत कोणी नसेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. सुट्टीतल्या पहाटे कोण असणार? प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. खाली भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट फासनाक्ट नावाचे ३३ वर्षांचे संशोधक अतिवाहकतेवरचा प्रयोग करत होते. ते गेले. मागे बायको आणि तीन लहान मुलं. आणखी तिघे जखमी झाले. आसपासच्या वीस-पंचवीस इमारतींचं नुकसान झालं आणि सगळ्यात जास्त नासधूस झाली ती लष्कराशी काही घेणंदेणं नसलेल्या भौतिकशास्त्र विभागाची. लष्कराचं गणित केंद्र त्यानंतरही चालू राहिलं.

कार्ल १९७२मध्ये टोरांटोत सापडला. त्याने गुन्हा कबूल केला, २३ वर्षांची शिक्षा झाली, १९८०मध्ये सुटला. फाइन आणि ड्वाइट नंतर पकडले गेले, लिओ बर्ट आजतागायत सापडलेला नाही. कार्ल सुटल्यावर याच गावात परतला आणि लायब्ररी मॉलवर फळांच्या रसाची गाडी चालवू लागला. मी त्याच्याकडून रस घेतलाय. लोक उत्सुकतेने विचारतात, काय बोललात? काही नाही. सुटे पैसे दिले आणि कामावर गेले.

आता तू म्हणशील, काकू घाबरवतायत. तसं असतं तर मी इथेच थांबले असते. पण गुप्तपणे, कायदा मोडून केलेली प्रत्येक गोष्ट अशीच संपते असं मी सांगितलं तर ते खोटं होईल, आणि तू ते पकडशील. ८ मार्च १९७१च्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावात आठ जणांनी एफबीआयच्या छोट्या कार्यालयात घुसून तिथल्या फाइली उचलल्या. मुहम्मद अली आणि जो फ्रेझियरची लढत होती, सगळं गाव रेडिओला कान लावून बसणार म्हणून ती रात्र निवडली. म्होरक्या विल्यम डेव्हिडन, हॅवरफर्ड कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. त्यांच्यातली बॉनी रेन्स कॉलेजची विद्यार्थिनी असल्याचं भासवून आधी ते कार्यालय आतून पाहून आली होती. कोणाला ओरखडा उठला नाही. त्यांनी कागद वाचले, वर्तमानपत्रांना पाठवले आणि ते काम थांबवलं. एफबीआय युद्धविरोधकांवर आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर कशी पाळत ठेवते, ते देशाने त्या कागदांत वाचलं. ‘कोइंटेलप्रो’, म्हणजे चळवळी आतून मोडण्याची एफबीआयची गुप्त मोहीम, हे नाव त्यातूनच बाहेर आलं. ही मंडळी कधीच पकडली गेली नाहीत. २०१४मध्ये त्यांच्यातल्या काहींनी स्वतःहून नावं सांगितली, तेव्हा लोकांना कळलं.

मी तुला कुलूप तोडायला सांगत नाहीये, नीट ऐक. त्या आठांत लेकुरवाळी माणसं होती, रेन्स दांपत्याला तर घरी तीन मुलं. आपण पकडले गेलो तर मुलांचं काय, हे त्यांनी आधी बोलून ठेवलं होतं. आधी ते नऊ होते. एकाने माघार घेतली, आणि त्याला जाऊ दिलं. तुमच्या गटातून कोणी माघार घेतली तर काय होतं? मला वाटतं, त्याच्या पाठीमागे त्याला भित्रा म्हणतात. गेल्या महिन्यात तुमच्यातली ती केमिस्ट्रीची मुलगी यायची बंद झाली असं तू सहज लिहिलं होतंस. ती काय म्हणत होती, ते मला ऐकायला आवडेल. तुम्ही ऐकलंत का?

आणि खोलीत सगळ्यात जास्त तापलेला जो असेल त्याच्याकडे जरा बारकाईने बघ. १९७१मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला सैन्यभरतीच्या कार्यालयावर छापा टाकणाऱ्या गटात एफबीआयचा खबऱ्या होता. नुसता ऐकत बसणारा नव्हे. अवजारं त्यानेच पुरवली, बेत पुढेही त्यानेच रेटला, असं खटल्यात त्याने स्वतः सांगितलं. ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडलं, त्याला हेही एक कारण. पण म्हणून एकमेकांवर संशय घेत बसू नका. संशयाने गट आतून कुजतो, आणि एफबीआयला नेमकं तेच हवं होतं हे मीडिया गावातून उचललेल्या त्या कागदांत लिहिलेलं आहे. कोण खबऱ्या आहे हे शोधण्यापेक्षा ‘ही सूचना भर सभेत, पन्नास अनोळखी लोकांसमोर मांडता येईल का’ हे विचारणं सोपं आहे. येत नसेल तर ती सूचना करणारा खबऱ्या असो की सच्चा, उत्तर एकच.

ठिय्या द्यायचाच असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. तुझा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा आहे. तुझ्या शेजारी बसलेल्या विस्कॉन्सिनच्या मुलाला दंड भरून घरी जाता येईल, तुझं प्रकरण तेवढ्यावर मिटेलच असं नाही. म्हणून आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोल, गटातल्या अनुभवी मित्राशी नव्हे. नॅशनल लॉयर्स गिल्ड या वकिलांच्या संघटनेचे लोक निदर्शनांत पोलीस कसे वागतात ते बघायला येतात, त्यांना आधी कळवा. अटक करून घेणारे कोण आणि बाहेर राहून फोन करणारे कोण, हे आदल्या दिवशी ठरवा. बाहेर राहणं म्हणजे कमी धैर्याचं काम, असं कोणी म्हणालं तर त्याला माझा नंबर दे.

आता तुझ्या ‘मोठं’बद्दल. स्टर्लिंग हॉलनंतर तीन वर्षांनी ‘सायन्स फॉर द पीपल’ या शास्त्रज्ञांच्या संघटनेच्या मॅडिसनमधल्या गटाने त्या गणित केंद्रावर एक पुस्तिका काढली. केंद्राच्याच अहवालांतून त्यांनी दाखवलं की लष्कराला तिथून नेमकं काय मिळतं. व्हॅनने जे झालं नाही ते पुस्तिकेने झालं असं मी म्हणणार नाही, केंद्र त्याही नंतर बरीच वर्षं होतं. पण विद्यापीठाच्या उडवाउडवीला तोंडावर दाखवायला कागद मिळाला, आणि तो वाचणारा कोणीही वाद घालू शकत होता, चूक काढू शकत होता.

तुझ्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त आहे. हे सरकारी विद्यापीठ आहे, त्यामुळे विस्कॉन्सिनचा सार्वजनिक नोंदींचा कायदा त्याला लागू होतो. त्या कंपनीशी झालेले करार, संशोधनासाठी आलेला पैसा, भरतीसाठीचा पत्रव्यवहार, हे सगळं मागता येतं. मागणाऱ्याने नाव सांगायचं बंधन नाही, कारण द्यायचंही नाही. ते काही भाग काळे करून देतील, काही नाकारतील, महिनोन्‌महिने लावतील. नाकारलं तर लेखी कारण मागायचं आणि ते कारण जपून ठेवायचं, पुढे त्याचाच उपयोग होतो. अर्ज मोघम करू नकोस. “सर्व कागदपत्रं” म्हटलंस की काहीच मिळत नाही. विभाग, वर्षं, कराराचा प्रकार, सगळं नेमकं लिही. केमिस्ट्रीच्या त्या मुलीला सोबत घे, कुठल्या विभागात काय चालतं ते तिला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

मसुदा करून रविवारी घरी ये, आपण बसून त्यातली वाक्यं घासूपुसू. हिस्टॉरिकल सोसायटीत त्या काळातली पत्रकं आहेत, ती बघायला आठवड्यातला एखादा दिवस मोकळा ठेव. आणि जेवायलाच ये, डब्यातलं काही आणू नकोस.

तुझी,
काकू