बटण कोण दाबतं?

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.ला मायक्रोबायॉलॉजी शिकते. परवा जेवताना म्हणाली, ई. कोलाय या जिवाणूला लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर दिली की ती पचवणारी जनुकं चालू होतात. चालू कोण करतं, विचारलं तर म्हणे लॅक्टोजच. पण लॅक्टोज आत घेणाऱ्या दाराचं जनुकही त्याच बटणावर आहे म्हणते! मग बटण बंद असताना ते आत शिरतं कसं? आणि डोळ्यांना न दिसणारं हे सगळं शोधलं कसं?
– एक वाचक, कराड

उत्तर : लेकीला सांगा, बाबांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी 34 वर्षं हा विषय शिकवला. हा प्रश्न विचारणारी मुलं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची ऑपेरॉनची, म्हणजे एकाच बटणावर चालणाऱ्या जनुकांच्या गटाची, आकृती पाठ करतात आणि पेपरात बाणांना रंगसुद्धा देतात.

आधी ट्रान्स्क्रिप्शन म्हणजे काय ते बघू. सात-बाराचा उतारा काढतो तसंच. मूळ दप्तर जागेवरून हलत नाही. उतारा घेऊन पुढची कामं होतात. डीएनए हे दप्तर, आरएनए हा उतारा आणि तो लिहिणारा कारकून म्हणजे आरएनए पॉलिमरेज हे एन्झाइम, पेशीतली रासायनिक कामं करणारं प्रथिन. जिवाणूचा उतारा जेमतेम काही मिनिटं टिकतो, मग पेशीच तो फाडून टाकते. (टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन, ज्यानं लघवी नारिंगी होते, ते जिवाणूच्या याच कारकुनाचा हात धरतं. आपल्या पेशीतला कारकून वेगळ्या घडणीचा, म्हणून तो सुटतो.)

लॅक्टोजची तीन जनुकं एकापुढे एक आहेत आणि तिघांचा उतारा एकच निघतो. एकापासून लॅक्टोज फोडणारं बीटा-गॅलॅक्टोसायडेज बनतं, दुसऱ्यापासून तुमचं ते दार, परमिएज. तिसऱ्याचं आज काम नाही. जनुकांच्या तोंडाशी ऑपरेटर नावाचा डीएनएचा छोटा तुकडा आहे. त्यावर रिप्रेसर हे प्रथिन ठाण मांडून बसलं की कारकुनाला लिहायला सुरुवात करता येत नाही.

आता तुमची मेख. रिप्रेसर तिथे डकवलेला नसतो. पकड घट्ट असली तरी अधूनमधून तो सुटतो, परत बसतो. त्या फटीत एखादा उतारा निघून जातो. म्हणून लॅक्टोज कधीच न चाखलेल्या पेशीतही दोन-चार दारं आणि एन्झाइमचे थोडे रेणू असतातच. तेवढ्यावर थोडं लॅक्टोज आत येतं. ते फोडताना एन्झाइम त्यातल्या काहींचे जोड बदलून अ‍ॅलोलॅक्टोज बनवतं आणि हे अ‍ॅलोलॅक्टोज रिप्रेसरला चिकटलं की त्याचा आकार बदलून पकड ढिली होते. मग आणखी दारं, आणखी लॅक्टोज. एन्झाइम हजारपट वाढतं. म्हणजे मुलीचं ‘लॅक्टोजच करतं’ हे परीक्षेपुरतं ठीक. खरं काम त्याच्या या भावंडाचं. आणि ही गळती नसती, तर अ‍ॅलोलॅक्टोज तयारच झालं नसतं.

हे शोधलं पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, झाकोब आणि मोनो यांनी. 1959 साली पार्डी या अमेरिकन पाहुण्याबरोबर त्यांनी केलेला प्रयोग मला अजून गोड वाटतो. ई. कोलायमध्ये एक पेशी दुसरीला डीएनए देते, पण पेशीतला रस जात नाही. देणारीची जनुकं धडधाकट होती. घेणारीकडे चालणारं एन्झाइम-जनुक नव्हतं आणि रिप्रेसरही नव्हता. जनुकं पोचताच काही मिनिटांत, लॅक्टोजसारखं काहीही न देता, एन्झाइम बनायला लागलं. आणि साधारण तासाभरानं थांबलं! तेवढ्या वेळात नव्या घरात रिप्रेसर तयार झाला होता. म्हणजे जनुक मुळात चालूच असतं, त्याला कुणीतरी दाबून धरतं. 1961 मध्ये त्यांनी पूर्ण मांडणी केली, 1965 मध्ये ल्वॉफ यांच्यासह नोबेल मिळालं. रिप्रेसर प्रत्यक्ष हाती लागला त्यानंतर, 1966 मध्ये, हार्वर्डच्या गिल्बर्ट आणि म्युलर-हिल यांना.

कॉलेजात मात्र हे सगळं पिवळ्या रंगात दिसतं. पेशींना क्लोरोफॉर्मनं भोकं पाडायची, ओएनपीजी हे बिनरंगी रसायन घालायचं. एन्झाइम असेल तर ते फुटून लिंबासारखा पिवळा रंग येतो. सोडियम कार्बोनेट टाकून क्रिया थांबवायची आणि 420 नॅनोमीटरवर रंग मोजायचा.

एकदा या प्रॅक्टिकलला माझी चांगलीच फजिती झाली. लॅक्टोजऐवजी बटण दाबायला वापरतात ते आयपीटीजी हे रसायन महाग, म्हणून मी लॅक्टोजवर भागवायची. सकाळी सगळ्या बॅचच्या नळ्या पाण्यासारख्या. लॅक्टोज घातलंय, पेशी वाढतायत, रंग नाही. मुलं माझ्याकडे बघतायत, मी ओएनपीजीच्या बाटलीला दोष देतेय. दुपारी आमच्या लॅब अटेंडंटनी शेकरवर राहिलेल्या फ्लास्कमधून सहज नमुना काढून दिला, तर नळी पिवळीधमक! आदल्या संध्याकाळी माध्यम करताना मीच ग्लुकोज टाकून बसले होते. ग्लुकोज असेतो पेशी लॅक्टोजचं दार अडवून धरते. शिवाय कारकुनाला ऑपेरॉनवर बसायला मदत करणारं सीएपी हे प्रथिनही तेव्हा थंड असतं. ग्लुकोज संपलं, तेव्हा कुठे पेशी लॅक्टोजकडे वळली. मोनोंनी 1941 च्या आपल्या प्रबंधात जिवाणूंच्या वाढीचा असाच दोन पायऱ्यांचा आलेख मांडला होता, मधे थबकलेला. त्यांनी तो मुद्दाम काढला, मी चुकून.

लेकीला सांगा, सरांना विचारून दोन्ही साखरा घातलेला एक फ्लास्क ठेव. ग्लुकोज अगदी थोडं, नाहीतर रात्र होईल. दर वीस मिनिटांनी नमुना घे, गढूळपणा आणि पिवळा रंग दोन्ही मोज. आलेख जमला तर मला पाठवा.