कुपवाडला वर्कशॉप टाकताय, माणसं पगारावर की ठेक्यावर?

दादा, घाबरू नका. आधी एवढंच बघा: मशीन तुमचं, वेळ तुम्ही ठरवता, हजेरीही तुमच्याकडेच? मग तो कामगारच. व्हाउचरवर 'जॉबवर्क' लिहिलं म्हणून तो ठेकेदार होत नाही, आणि आपल्या एमआयडीसीत ही चूक सर्रास चालते.

- व्यवसाय कर पगारातूनच कापा. वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये.
- १० माणसं झाली की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), २० झाली की पीएफ, त्यात मालक आणि कामगार दोघांचे १२-१२ टक्के. १९ वर थांबून बाकीचे ठेकेदाराच्या नावावर दाखवायची शक्कल नको. तीही माणसं मोजली जातात.

खरा ठेकेदार स्वतःची हत्यारं आणतो, बिल देतो, इतरांचीही कामं घेतो. त्याच्या बिलातून टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापायचा की नाही, हे वैयक्तिक मालकीच्या धंद्यात तुमच्या उलाढालीवर ठरतं. ते सध्या सीएवर सोडा. मस्टर, म्हणजे हजेरीपट, मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा.