बाबांचा आजार मलाही होणार का?

‘बाबांना बायपोलर आहे, मग मलाही होणार का?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की तो येण्याआधीची शांतताही आता ओळखू येते. बायपोलर म्हणजे मूड कधी उन्मादाच्या, तर कधी नैराश्याच्या टोकाला नेणारा मानसिक आजार. कोणी आईबद्दल विचारतं, कोणी मोठ्या भावाबद्दल. विचारणाऱ्याला त्या घडीला खरा त्रास मात्र बहुधा वेगळ्याच गोष्टीचा होत असतो. मीराचंही तसंच होतं. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

मीरा 26 वर्षांची. पहिल्याच भेटीत तिने एक वही माझ्यासमोर ठेवली. तीन वर्षांच्या रोजच्या नोंदी. ‘आज फार हसले.’ ‘मीटिंगमध्ये भरभर बोलले.’ ‘पहाटे तीनपर्यंत जागी.’ काही नोंदींपुढे लाल शाईत प्रश्नचिन्ह. ती बारा वर्षांची असताना बाबांना पहिल्यांदा उन्मादाचा, म्हणजे अवाजवी उत्साहाचा, झटका आला होता. तेव्हापासून घरात सगळे बाबांवर नजर ठेवून होते, आणि मीरा स्वतःवरही.

“मॅडम, मला फक्त टक्केवारी सांगा.”

मी सांगितली. एकूण लोकसंख्येत हा आजार शंभरात एक-दोघांना होतो. आई किंवा वडिलांना असेल, तर मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात साधारण 5 ते 10 पर्यंत जातं.

“म्हणजे कितीतरी पट जास्त!”

“हो. आणि शंभरातल्या नव्वद किंवा त्याहून जास्त मुलांना तो होत नाही.”

मी जनुकांचा वाटा कमी करून कधीच सांगत नाही. मानसिक आजारांमध्ये बायपोलरची आनुवंशिकता बरीच जास्त आहे, आणि समोरच्याला ते ठाऊक असतं. खोटा धीर लगेच पकडला जातो. पण आई-वडिलांकडून आलेलं एखादं ‘बायपोलरचं जनुक’ असतं, हे चित्र चुकीचं आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बायपोलर असलेल्या सुमारे 1 लाख 58 हजार लोकांची जनुकीय माहिती तपासली गेली. त्यात जनुकीय रचनेतल्या, या आजाराशी जोडलेल्या 298 जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी बारीक. म्हणूनच एका माणसाचं भविष्य सांगणारी रक्ततपासणी आज नाही. जनुकं तंतोतंत सारखी असलेल्या जुळ्यांमध्येही एकाला हा आजार असला, तर दुसऱ्याला होतोच असं नाही.

मीराने सगळं नीट ऐकलं. पुढच्या आठवड्यात ती नवे सात प्रश्न घेऊन आली.

सुरुवातीच्या वर्षांत मला वाटायचं, योग्य माहिती दिली की अर्धं काम झालं. आता तसं वाटत नाही. आकडा चिंतेला शांत करत नाही. चिंता त्याच आकड्याला चघळत बसते. म्हणून मी आजाराचा विषय बाजूला ठेवून तिचा दिवस विचारला. छातीत धडधड, सतत पोटात गोळा, रात्री बिछान्यावर पडल्यावर विचारांची रांग. हे कधीपासून? “शाळेपासूनच.” उपचार? एका डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी लिहून दिली होती, तिने ती अजून सुरू केली नव्हती. आणि बाबांचा आजार तिने त्या डॉक्टरांपासून लपवला होता.

“सांगितलं असतं तर मलाही तोच शिक्का बसला असता.”

इथे मी थांबले. नैराश्यावरची ही औषधं चिंतेवरही दिली जातात आणि अनेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो. पण ज्याच्यात बायपोलरचा कल आहे, त्याच्यात ती कधी कधी उन्मादाला वाट करून देऊ शकतात. म्हणून घरातला हा इतिहास डॉक्टरांना माहीत असणं फार गरजेचं असतं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते: लाज वाटली तरी हे लपवू नका. आणि सुरू असलेली गोळी घाबरून स्वतःच्या मनाने बंदही करू नका. त्याच आठवड्यात मीरा सगळा इतिहास घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे गेली. निदान झालं चिंतारोगाचं. बायपोलरची लक्षणं आढळली नाहीत. औषध सुरू केल्यावर मूडवर लक्ष ठेवायचं ठरलं.

“पण बायपोलरमध्येही चिंता असते ना?” असते. बायपोलर असलेल्या जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी चिंतारोगही होतो, आणि दोन्हींच्या आनुवंशिकतेचा काही भाग सामाईक आहे. पण चिंतारोगाचं जवळचं नातं नैराश्याशी आहे. चिंता करणाऱ्या बहुतेकांना बायपोलर होत नाही.

तरीही वही सुटत नव्हती. मग मी बाबांना बोलावून घेण्याविषयी विचारलं. कुटुंब खोलीत आल्याशिवाय असे प्रश्न सुटत नाहीत, हे माझं जुनं मत आहे. मीरा आधी नाहीच म्हणाली. चौदा वर्षांत त्या विषयावर ती बाबांशी एकदाही बोलली नव्हती.

ते आले. लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध घेत, गेली काही वर्षं बऱ्यापैकी स्थिर असलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. मी त्यांच्यासमोर वहीतली एकच नोंद वाचली: ‘पहाटे तीनपर्यंत जागी.’ मग विचारलं, “तुमचा त्रास सुरू व्हायचा तेव्हा झोपेचं काय व्हायचं?”

ते मीराकडे वळले. “त्या रात्री तुला झोप हवी होती?”

“हो. येतच नव्हती. दुसऱ्या दिवशी डोकं भणभणत होतं.”

“मला झोप नकोच असायची गं. दोन तास झोपून ताजातवाना असायचो. भीती? छे! तू घाबरून लिहीत बसतेस, मला तेव्हा वाटायचं की इतका बरा मी कधीच नव्हतो.”

मीरा बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

“तू कधी विचारलं नाहीस.”

उन्मादातही काहींना चिंता आणि भीती वाटते, त्यामुळे हा फरक प्रत्येकाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मी दोघांनाही सांगितलं. पण त्या दुपारी मला जे दिसलं ते माझ्या कामातलं मोलाचं वाटतं. मीरा ज्या माणसाच्या आजाराला घाबरत होती, त्या आजाराचा सर्वांत चांगला जाणकार तिच्याच घरात बसला होता, आणि चौदा वर्षं सगळ्यांनी त्याच्यावर नुसती नजर ठेवली होती.

त्यानंतर दोघांनी मिळून एक कागद लिहिला. बाबांच्या तीन खुणा: झोपेची गरज घटणं, मोठमोठे बेत आखणं, अंगात न मावणारा उत्साह. त्या सलग काही दिवस दिसल्या तर कोणी कोणाला सांगायचं, डॉक्टरांना फोन कोणी करायचा, हेही त्यात आलं. दोघांनीही झोपेची वेळ पाळायची ठरवली. जागरण दोघांनाही महागात पडतं. मीराच्या चिंतेवर पुढे काही महिने काम चाललं.

शेवटच्या भेटीत मी वहीबद्दल विचारलं.

“बाबांनी मागून घेतली,” ती म्हणाली. “मागची पानं कोरी होती. ते त्यात रोज स्वतःच्या झोपेचे तास लिहितात आणि सकाळी मला वाचून दाखवतात.”