खडबडीत कोब्यावर इंटरलॉकिंग टाइल्स बसवताना

घरच्या वर्कशॉपमध्ये एकमेकींत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या टाइल्स बसवायच्या असतील, तर खोकी उघडायची घाई करू नका, आधी कोबा बघा. गवंडी वापरतात ती ॲल्युमिनियमची लांब पट्टी जमिनीवर आडवी-उभी फिरवा, खालून उजेड दिसेल तिथे खडूने खूण करा. नुसत्या खरखरीतपणाने काही बिघडत नाही. त्रास देतात ते उंचवटे. सिमेंटचा वाळलेला एखादा गोळा राहिला तरी वरची टाइल डुगडुगते आणि तिथलाच सांधा आधी उकलतो. उंचवटे ग्राइंडरला डायमंड कप व्हील (काँक्रीट घासायची वाटीसारखी चकती) लावून घासा (चांगला मास्क हवाच, ही धूळ फुप्फुसांना फार वाईट), खड्डे पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणाने) भरा.

मग ओल. प्लास्टिकचा दीड फुटी तुकडा चारही कडांनी टेप लावून दिवसभर ठेवा, खाली थेंब जमतात का बघा. घर कोकणात असेल तर ही तपासणी पावसाळ्यातच करा, मे महिन्यात कोबा कोरडाच भासणार. ओल असेल तर खालून हवा खेळेल अशा जाळीदार पॉलिप्रॉपिलीनच्या (हा प्लास्टिकचाच एक प्रकार) टाइल्स घ्या.

सुरुवात दारापासून करा, म्हणजे कापलेले तुकडे मागच्या भिंतीला जातात. भिंतीलगत 8-10 मिमी फट सोडाच; उन्हाळ्यात टाइल्स प्रसरण पावतात, जागा नसेल तर मधोमध उचलतात.

वेल्डिंगचा कोपरा उघडाच ठेवा, ठिणगीने प्लास्टिक वितळतं. लेथसारखं जड मशीन थेट कोब्यावर बोल्टने बसवा आणि टाइल्स त्याच्या पायांभोवती कापून घ्या.